उलट्या पावलांचं भूत

माझे बाबा उलटं चालायला शिकले ते आमच्या चाळीच्या गल्लीत, भर दुपारी, सगळी चाळ दारं लावून झोपलेली असताना, आणि त्यांना शिकवणारी मी होते. कांजूरमार्गला टेकडीच्या उतारावर आमची बैठी चाळ होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मधे फरशी घातलेली चिंचोळी गल्ली, आणि गल्लीत ज्याच्या त्याच्या दारापुढे ज्याचा त्याचा संसार मांडलेला. पाण्याची पिंपं, बादल्या, एखादी सायकल, वाळत घातलेले पापड आणि पापड राखत पेंगणारी म्हातारी. या सगळ्यातून बाबा पाठमोरे चालत यायचे आणि मी त्यांच्या पाठीशी राहून वाट सांगायचे. "डावीकडे बाबा, बादली. आता सरळ. थांबा, पायरी." उजवी टाच ते आधी जरा चाचपून टेकवत, मग अंगाचा भार तिच्यावर टाकत. वळून एकदाही बघत नसत. माझ्या शब्दावर इतका भरवसा पुढे कुणी टाकला असेल असं मला आठवत नाही, आणि मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे.

हे चालणं सिनेमासाठी होतं. बाबा सिनेमात काम करत असं म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच सांगून टाकते, ते एक्स्ट्रा होते. वरातीत नाचायचं, कोर्टात मागच्या बाकावर बसायचं, कुणाच्या तरी तिरडीला खांदा द्यायचा. माणसं पुरवणाऱ्या सप्लायरचा निरोप आला की निघायचं, नाहीतर घरी बसून तांदूळ निवडायचे. उंच होते आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं. त्या अंगकाठीनेच त्यांना पहिल्यांदा नाव घेण्यासारखं काम मिळवून दिलं, ते म्हणजे भुताचं. भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण ते पडद्यावर दाखवायचे कसे? तर कोट उलटा घालायचा, म्हणजे बटणं पाठीवर. मुखवटा डोक्याच्या मागे बांधायचा, त्यावर केसांचा टोप. आणि मग माणसाने पाठमोरं चालत कॅमेऱ्याकडे यायचं. बघणाऱ्याला वाटतं, तोंड आपल्याकडे आणि पावलं पलीकडे. बाबांनी हे मला जेवताना सांगितलं, कोकमाची सोलं ताटाच्या कडेला मांडत, आणि म्हणाले, "नलू, ह्या कुणाक सांगू नको हां. धंद्यातली गोष्ट आसा." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

शूटिंग मढला होतं, समुद्राजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात. सुरुवातीला बाबा दर आठवड्याला घरी येत, मग पंधरवड्याने, मग सणाला. सिनेमा कधीच पुरा झाला होता, पण आई चाळीत "आउटडोअरला गेलेत" म्हणूनच सांगत राहिली. ती औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात जायची, सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. माझी शाळा दुपारी सुटे. गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडायचं, झाकलेलं जेवण जेवायचं, ताट घासून पालथं घालायचं. खोलीत दोन आवाज असत, घड्याळाचा आणि मोरीतल्या नळाचा. शेजारच्या बायका बोलायच्या तेव्हा मी दिसले की आवाज खाली यायचा. पण कुजबुज नेहमी मोठ्या बोलण्यापेक्षा नीट ऐकू येते. "तिकडे बिऱ्हाड केलंय म्हणे. कोळीण आहे कोणीतरी." मी ऐकलं आणि नळ घट्ट बंद केला. आईला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आम्ही दोघी एकमेकींना फार सांभाळायचो, इतक्या की एकमेकींशी बोलायचं राहूनच गेलं.

चाळीच्या टोकाला पाण्याची टाकी होती. तिच्या कठड्यावर दुपारी आमच्या वयाची मुलं जमत, आणि तिथे राज्य सुरेखाचं. सुरेखा समोरच्या खोलीतली, माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिच्या घरी टीव्ही होता आणि तिचा मामा मधूनमधून कुठून तरी व्हीसीआर घेऊन यायचा, त्यामुळे भुताच्या सिनेमांवर अख्ख्या चाळीत तिचा शब्द शेवटचा. सिनेमापेक्षा सिनेमामागच्या गोष्टी तिला जास्त ठाऊक. अमक्या सिनेमातल्या चेटकिणीचा मेकअप नऊ दिवस निघाला नाही, शेवटी कातडीसकट काढला. तमक्या सिनेमाचं रीळ डब्यात ठेवलं तरी आतून रडल्याचा आवाज येतो. एका थिएटरात एका खुर्चीचं तिकीट विकतच नाहीत, तरी ती खुर्ची खेळ संपल्यावर गरम लागते. "आईशप्पथ!" ती गळ्याला चिमटा घेऊन सांगायची. मिलिंद नावाचा एक चष्मेवाला मुलगा तेवढा मान हलवायचा नाही. "माझे पप्पा म्हणतात, भूतबित काही नसतं. बाबासाहेबांनी सांगितलंय, आधी विचार करा." त्यावर सुरेखा म्हणायची, "तुझ्या पप्पांना म्हणावं, त्या खुर्चीवर बसून विचार करा." सगळे हसायचे. मी पण हसायचे, कठड्याच्या अगदी टोकाला बसून. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं आणि घरी टीव्ही नव्हता. मी गेले नाही तर कुणी हाक मारायला येत नसे.

हाकेवरून आठवलं. सुरेखाचा एक नियम होता, तो तिने गावच्या आजीकडून आणला होता. भूत माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला मारता येत नाही. म्हणून तिसरी ऐकू येईपर्यंत ओ द्यायची नाही. हा नियम आम्ही इतक्या निष्ठेने पाळायला लागलो की चाळीतल्या आया वैतागल्या. दोन हाकांना मूल हलायचं नाही आणि तिसरी हाक धपाट्यासकट यायची. माझी आई एकदाच हाक मारायची. मी ओ दिली नाही की ती पुन्हा हाक न मारता स्वतःच उठून ते काम करून टाकायची, त्यामुळे तिच्यापुढे मी तो नियम लवकरच सोडून दिला.

एका रविवारी सुरेखाकडे व्हीसीआर आला. खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार केला होता. आम्ही बाराएक जण जमिनीवर, घामाचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास. मला दाराशी जागा मिळाली होती. सिनेमा काय होता ते आता नीट आठवत नाही, बंगला होता, विहीर होती, पांढऱ्या साडीतली बाई होतीच. आणि मग विहिरीमागून ते भूत आलं. लांबलचक अंग, तोंडावर केस, आणि पावलं उलटी. खोलीत जी किंकाळी उठली ती माझ्या कानांना अजून आठवते. सुरेखाच्या धाकट्या भावाला तर हगवण लागली. मी ओरडले नाही. मी भुताच्या उजव्या टाचेकडे बघत होते. ती आधी जरा चाचपत होती, मग टेकत होती. मला भूत दिसलंच नाही, मला आमची गल्ली दिसली. बाबांना बघून मला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. सगळे डोळे झाकून बसले होते आणि मी डोळे फाडून बघत होते, आणि पडद्यावर एक दगड आला तेव्हा माझ्या तोंडून हळूच निघालं, "डावीकडे बाबा."

दुसऱ्या दिवशी टाकीवर दुसरा विषय नव्हता. सुरेखा म्हणाली, "तुम्हाला माहितेय का? त्या भुताचं काम केलेला माणूस आहे ना, तो शूटिंग संपायच्या आतच मेला. म्हणून त्याचं नाव पण नाही टाकलं." मिलिंद म्हणाला, "नाव टाकलं नाही कारण तो एक्स्ट्रा असणार." एवढंच होतं. बरोबर बोलला होता पोरगा. मी तेव्हा म्हणायला हवं होतं, हो, एक्स्ट्राच आहेत, माझे बाबा आहेत ते. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुठे आहेत गं तुझे बाबा? त्याचं उत्तर त्या सगळ्यांनी आपापल्या घरात ऐकलेलं होतं. टाकून गेलेला बाप आणि सिनेमात मेलेला बाप यांच्यात निवड करायची वेळ माझ्यावर आली, आणि मी दहा वर्षांची होते.

"ते माझे बाबा होते," मी म्हटलं.

मग सुरेखा कठड्यावरून सरकली आणि तिने मला मधे जागा करून दिली. त्या कठड्यावर मधे बसल्यावर टेकडीपलीकडे पवईच्या बाजूचं आभाळ दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. उलटं चालता चालता ते विहिरीत पडले. ही माझी पहिली भर. मग एवढ्यावर भागेना, तेव्हा म्हटलं, सिनेमातले शेवटचे तीन शॉट त्यांच्या मरणानंतरचे आहेत. रोज वेळेवर यायचे, काम करून जायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी विहिरीत अंग सापडलं तेव्हा सगळ्यांना कळलं. सुरेखाचे डोळे भरून आले. "आईला बोलू नका," मी सांगितलं, "ती विषय निघाला की रडते, म्हणून तर आउटडोअर सांगते." सुरेखाच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण हे तिने पोटात ठेवलं. त्यानंतरचे दोन महिने माझ्या बालपणातले सगळ्यात सुखाचे होते हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं एकदा बोलून झालंय, आता पुन्हा नको. मला रोज कुणीतरी हाक मारायला यायचं. चिंचेचा गोळा आधी मला. खेळात राज्य माझ्यावर यायचं नाही. मेलेल्या बापाने मला जेवढं दिलं तेवढं जिवंत बापाने दिलं नव्हतं.

आणि एका दुपारी ते आले. आम्ही पाच-सहा जण टाकीवर होतो. रस्त्याच्या वळणावर आधी त्यांचा पांढरा शर्ट दिसला, मग ते. रापले होते, जरा भरल्यासारखे दिसत होते, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. मला बघून त्यांनी हात वर केला. सुरेखाने तो चेहरा लहानपणापासून समोरच्या दारात बघितला होता. तिने माझा दंड असा धरला की नखं रुतली. "नले," ती म्हणाली, "नले, तुझे बाबा." मिलिंद पुढे वाकून बघत होता. "अरे, थांबा ना यार," तो म्हणाला, "सावली पडलीय त्यांची. माणूस आहे तो. बघा की!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या एका क्षणात सगळं माझ्या हातात होतं. मी उतरून धावत गेले असते तर चार-पाच ढांगांवर ते होते. पण मग कठड्याचं टोक होतं, आणि खोटारडी, आणि कोळीण, आणि नळाचा आवाज.

"पळा!" मी ओरडले. मीच ओरडले. आणि मिलिंदचा शर्ट धरून त्यालाही ओढला.

आम्ही सुरेखाच्या खोलीत शिरलो आणि कडी लावली. जमिनीवर पालथे पडून दाराखालच्या फटीतून बघत राहिलो. बाहेर बाबा हसत होते. त्यांना वाटलं, पोरांनी सिनेमा पाहिलाय आणि पोरं भुताला घाबरून पळालीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी ओळखलं होतं. काय आनंद झाला असेल बिचाऱ्यांना! मग गल्लीत चपला काढल्याचा आवाज आला, आणि फटीतून पावलं दिसली. टाच आधी. उजवी टाच जरा चाचपत, मग टेकत. आम्ही लपलो होतो त्या दारावरून ती उलटी पावलं एकेक करून पुढे सरकली. सुरेखाने स्वतःच्याच हाताचा चावा घेतला, तिच्या मनगटावर तो वण पुढे कित्येक दिवस होता. आणि मला कळलं होतं की हे भीती घालणं नाही. हा आमचा खेळ आहे. मी दाराआड लपून वाट सांगणार अशा भरवशावर ते मागे न बघता चालले होते. थोडं पुढे, समोरच्या आमच्या दारापाशी, पिंपाशेजारी बादली होती. मीच ठेवली होती सकाळी. "डावीकडे बाबा, बादली." शब्द जिभेवर होते. मी ओठ मिटून घेतले.

बादली पडली. भरलेली होती. पाणी गल्लीभर पसरलं, फटीतून आत आलं आणि आमचे कपडे भिजले. हसणं थांबलं. मग बाबांनी हाक मारली, "नलू!" हसऱ्या आवाजात. सुरेखाने माझ्या तोंडावर हात ठेवला. खरं तर गरज नव्हती. थोड्या वेळाने दुसरी हाक आली, "नलू गो!" त्या आवाजात हसू नव्हतं. मी मनात म्हटलं, आता तिसरी. तिसरी आली की जायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. बाहेर दारोदारच्या बायका कामावर गेलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. पाणी गटारात उतरल्याचा आवाज येत होता. मग पुन्हा पावलं दिसली, ओली, चपला घातलेली, सरळ. ती गेली.

संध्याकाळी आईने आमच्या दाराच्या कडीला अडकवलेलं पुडकं काढलं. "कोण इल्लो?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तिने ओल्या फरशीकडे बघितलं, माझ्या ओल्या फ्रॉककडे बघितलं, आणि पुडकं सोडलं. आत सोडे होते, सोलून वाळवलेल्या कोलंबीचे, गुलाबी, एकसारखे, वाळूचा कण नाही. आईने मूठभर हातात घेऊन दिव्याखाली धरले. "बाईचो हात चांगलो आसा," ती म्हणाली. बस, एवढंच. मग तिने वांगं चिरलं, कांदा परतला, सोडे घातले, वर कोकम टाकलं, आणि आम्ही दोघी जेवलो. तिने ते सोडे फेकून द्यावेत असं मला फार वाटत होतं, पण तिने ते डब्यात घालून पुढचे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरले. आजही कुणाकडे सोड्यांचा वास आला की मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जाते.

बाबा परत आले नाहीत. त्यांना काय वाटलं असेल, हे मी आयुष्यभर निरनिराळ्या प्रकारे स्वतःला समजावलं आहे. आईनेच मला लपवलं असंही वाटलं असेल त्यांना, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ती बिचारी तेव्हा बाटल्या भरत होती. टाकीवर माझी जागा पक्की झाली, सुरेखाने साक्षच दिली होती. मला मात्र तिथे बसवेना. हळूहळू मी जायची थांबले आणि मग हाक मारायला येणारेही थांबले. मिलिंदने एकदा शाळेच्या वाटेवर विचारलं, "ते तुझे बाबाच होते ना?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बरं." पुन्हा त्याने कधी विषय काढला नाही, आणि जगात एक माणूस खरं जाणतो आहे या विचाराने मी त्याला टाळत राहिले. पुढे मी कॉलेजात असताना मढहून निरोप आला, बाबा गेल्याचा. विहीर नाही, भूत नाही, साधी कावीळ. आईने आंघोळ केली आणि कपाळ पुसलं. मी रडले नाही. मी त्यांना आधीच मारून बसले होते.

आता मी मुलुंडला एकटी राहते. जुन्या चाळीतल्या लोकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर सकाळी फुलं आणि संध्याकाळी औषधं येतात. गेल्या महिन्यात कुणीतरी एक तुकडा पाठवला. विहीर, केस, उलटी पावलं. खाली लिहिलं होतं, 'या चित्रपटात भुताचं काम करणारा कलाकार शूटिंगदरम्यान विहिरीत पडून मरण पावला. शेवटचे तीन शॉट त्याच्या मृत्यूनंतरचे आहेत!!' कुठून कुठे फिरून आलं होतं ते, देव जाणे. मी तो तुकडा आवाज बंद करून किती वेळा बघितला ते सांगत नाही. बाबांचं चालतं-फिरतं असं माझ्याजवळ आहे ते तेवढंच.

पाच मिनिटांत सुरेखाचा फोन आला. आता तिला नातवंडं आहेत, बोरिवलीला असते, आवाज तसाच. "नले, बघितलंस ना? आपल्या टाकीवरच्यांशिवाय मी अजून कुणाला सांगितलं नाहीये हां, की ते तुझे बाबा. आईशप्पथ. आणि आपण ती पावलं बघितली होती, ते पण नाही. अजून काटा येतो गं."

मग मी तिला सांगितलं. विहीर नव्हती. मेले नव्हते. त्या दुपारी ते घरी आले होते, मला भेटायला, आणि माझी गंमत करत होते.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "तेव्हा? दाराच्या आत?"

"हो."

"अगं मग... हाक मारत होते ना ते तुला. मी हात काढला असता की गं. ओ का नाही दिलीस?"

"दोनच मारल्या त्यांनी," मी म्हटलं.